दादाच्या नावावर माझं रक्त

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. दत्ताराम, माझा थोरला भाऊ. मी त्याला दादा म्हणतो. मी शाळेत जायच्या आधी त्याने मला माझं नाव लिहायला शिकवलं. पाटीवर 'अनंत' लिहून द्यायचा आणि अक्षरांवरून माझं बोट फिरवून घ्यायचा. दहावीनंतर तो रोह्याच्या एमआयडीसीत कामाला लागला, म्हणून मला बी.एस्सी. आणि बी.एड. करता आलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. आज पेणला एका हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते रागाने लिहिणार आहे, आणि त्यातला बराच राग दादावर आहे.

ज्यांच्या घरात आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला साखर आहे आणि ज्यांनी स्वतःची कधी तपासलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची माहिती यात नाही. ती डॉक्टरांकडून घ्यावी.

कोण कुणावर गेलं

आमचं गाव रोहा तालुक्यात, आत डोंगराकडे. भात काढलं की राहिलेल्या ओलीवर वाल पेरायचे, असं घर. आईला साखर होती. तिच्या उजव्या पायाचा आधी अंगठा काढला, मग अर्धं पाऊल. ती गेली त्याला आठ वर्षं झाली. तिच्या आईचंही तसंच झालं होतं, पण तेव्हा त्याला कुणी साखर म्हणत नसत. पाय सडला, एवढंच म्हणत.

आईचं पाऊल काढलं त्याच वर्षी दादाला साखर निघाली. तेव्हापासून घरात एक गोष्ट ठरून गेली. कुणी बसून ठरवली नाही, पण सगळे तसंच बोलायला लागले. दादा आईवर गेला आहे. गोल चेहरा, जाड मान, तेच डोळे. म्हणून आईची साखर त्याच्याकडे आली. मी बाबांवर गेलो आहे. लांब तोंड, हाडं मोजावीत असं अंग. बाबा शेवटच्या वर्षापर्यंत शेतात उभे होते. म्हणून मला काही होणार नाही. मधली बहीण शैलाताई, रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमीला दिलेली. ती आईवर गेलेली, म्हणून तिला होणार.

बाबांची बहीण, आमची आत्या, तर शेताची वाटणी सांगावी तसं सांगायची. "दत्तारामानं आईचं घेतलं, अनंतानं बापाचं घेतलं. तू खा रे लाडू अनंता. तुला कसली भीती?" मी खायचो.

शैलाताईची तऱ्हा उलटी. आपल्याला होणार हे तिने इतकं मान्य करून टाकलं होतं की तीही तपासायला जात नव्हती. एकदा ती भाकरी थापत असताना मी म्हटलं, "ताई, एकदा बघून तरी घे." तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "मला ठाव हाय ना ती येनार हाय. मंग दुसऱ्याला जाऊन कशाला विचारू?"

ज्याला होणार नाही तो तपासत नव्हता आणि जिला होणार तीही तपासत नव्हती. आमच्या घरात तपासायला माणूसच उरत नव्हतं.

आणि मी कोण? दहावीला आनुवंशिकतेचा धडा दरवर्षी शिकवणारा मास्तर. फळ्यावर गुणसूत्रांच्या जोड्या काढतो. मुलांना सांगतो, चेहरा बापाचा आला म्हणजे सगळंच बापाचं आलं असं होत नाही. अर्धं आईचं असतंच, आणि त्या अर्ध्यात काय काय आलं ते आरशात दिसत नाही. दर वर्षी एखादी मुलगी विचारते, "सर, मग कळणार कसं?" मी म्हणतो, "तपासून." मग घंटा व्हायची, मी हाताचा खडू धुवायचो आणि स्टाफरूममध्ये जाऊन चहात दोन चमचे साखर घालायचो.

बदली

चार वर्षं मी दादाच्या नावाने रक्त तपासायला दिलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण हे वगळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

दादा एका केमिकल कंपनीत आहे, पण कंपनीचा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे. वर्षातून एकदा गेटपास नवा करायचा आणि त्याआधी मेडिकल. वजन, बीपी, डोळे कंपनीच्या दवाखान्यात तपासतात. रक्तासाठी मात्र ठेकेदार चिठ्ठी देतो आणि माणसं ती घेऊन बाहेरच्या लॅबमध्ये जातात. ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं. "साखरवाला मला नको. शिफ्टमध्ये चक्कर येऊन पडला तर गेटवर मी उत्तर देऊ काय?" दादाच्या बरोबरीच्या एका माणसाचा पास याच कारणाने अडकला. तेव्हा बाकीच्यांनी वाट शोधली. ज्याला साखर आहे त्याचा धाकटा भाऊ, मेहुणा नाहीतर जावई चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये जातो. चिठ्ठीवर फोटो नसतो. एकाच्या शिफ्टला दुसऱ्याने उभं राहायचं त्याला तिथे बदली म्हणतात. यालाही ते बदलीच म्हणायला लागले.

दादाने मला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. पायाच्या अंगठ्याने अंगणातली माती उकरत होता. "अनंता, एक काम होतं. तुझं रक्त साफ हाय म्हनून."

खोटं आहे हे मला कळत होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा दादाने माझ्याकडे काही मागितलं होतं. मी अभिमानाने हो म्हटलं. रक्त साफ असणं ही जणू माझी कमाई होती.

मग दर वर्षी तीच सकाळ. पेणहून साडेपाचला मोटरसायकल काढायची, चहासुद्धा न घेता. वडखळची धूळ, नागोठणं, भिसे खिंड, आणि सातच्या आत लॅबच्या पायरीवर. वहीत नाव 'दत्ताराम' आणि पुढे सही. पहिल्या वर्षी सही करताना हात अडखळला. चौथ्या वर्षी मी त्याची सही त्याच्यापेक्षा बरी करत होतो. बाहेर दादा उभा असायचा. स्टँडजवळच्या हॉटेलात तो मला मिसळ खायला घालायचा आणि दोघांसाठी गोड चहा मागवायचा. मी म्हणायचो, "दादा, तुला चालतो का?" तो म्हणायचा, "आज आपन पास. आज चालतो."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन यायचा. एकच शब्द. "पास." आणि इथे मी जी चूक केली ती नीट वाचा. तो निकाल मी माझाही समजत होतो. माझं रक्त, तपासलेलं, नॉर्मल. दर वर्षी. मग स्वतःच्या नावाने वेगळी तपासणी कशाला करायची?

चौथ्या वर्षी फोन आला नाही. तीन दिवसांनी मीच केला. "झालं का रे पासचं?" "व्हय, झालं सगळं," दादा म्हणाला. "तू नको काळजी करू." पुढच्या वर्षी त्याने मला बोलावलंच नाही. "इथल्याच एकाचा जावई हाय, तू कशाला एवढ्या लांबून?" मला थोडं वाईट वाटलं. फोन का आला नाही हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

मशीन

त्या चौथ्या तपासणीनंतर दोन वर्षांनी, गेल्या थंडीत, मला तहान लागायला लागली. दोन तासिकांच्या मध्ये पाण्याची बाटली रिकामी व्हायची. वर्ग सोडून लघवीला जावं लागायचं आणि पोरं खिदळायची. पट्ट्याला मी खिळ्याने दोन भोकं नवीन पाडली. माझी बायको वर्षा म्हणाली, "पँट खाली येते तुमची. डॉक्टरकडे जाऊ. आईंना होती, दादांना आहे."

"माझी चार वेळा तपासणी झालेली आहे," मी म्हटलं.

"तुमची की दादांची?"

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. ती बरोबर बोलली होती, म्हणूनच बोललो नाही.

मग पाठीवर, मानेच्या खाली, गळू आलं. मी मलम लावत राहिलो. आठवड्यात ते तळहाताएवढं झालं आणि त्याला चार तोंडं फुटली. जुनी माणसं त्याला काळपुळी म्हणतात. फळा पुसायला हात वर जाईना तेव्हा पेणमधल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठ बघितली, माझं बोट टोचलं आणि थेंब मशीनला लावला. मशीनवर आकडाच आला नाही. त्या मशीनला दाखवता येते त्याच्या वर साखर गेली होती.

"साखर आहे हे किती वर्षं माहीत आहे, सर?"

"मला साखर नाही."

"घरात कुणाला?"

"आईला होती. भावाला आहे."

"मग तुमची शेवटची कधी तपासली?"

"दोन वर्षांपूर्वी. नॉर्मल होती."

"रिपोर्ट असेल ना? घेऊन या."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडे रिपोर्ट नाही. एकही नाही. ज्याच्या आईचं पाऊल त्याच्या डोळ्यांसमोर गेलं, ज्याने विज्ञानाची पदवी घेतली, त्याच्या घरात स्वतःच्या नावाचा एक कागद नव्हता.

पालथा

त्याच संध्याकाळी दाखल केलं, दुसऱ्या दिवशी पाठ कापली. बारा दिवस राहिलो. जखम पाठीवर असल्यामुळे मला पालथंच पडावं लागायचं. म्हणून त्या बारा दिवसांतले बहुतेक लोक मला पायांनीच आठवतात. सिस्टरचे पांढरे बूट सकाळी सहाला यायचे, बोट टोचायचे, दंडात इन्शुलिन द्यायचे. दहाला ड्रेसिंग. जखमेत भरलेली पट्टी ओढून काढायचे आणि नवीन भरायचे. ते दुखणं कसं होतं ते सांगत नाही. ज्याला भोगायचं आहे त्याला आधी ऐकून उपयोग नाही, आणि ज्याला टाळता येईल त्याने टाळावं.

ड्रेसिंगचा ट्रे आणणाऱ्या मावशी होत्या, निळ्या स्लिपरवाल्या. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "सर हायत ना तुम्ही? पाढे म्हना. मोठ्यानं." मी दोनपासून सुरुवात केली. सतराच्या पाढ्याला ड्रेसिंग संपायचं. हळूहळू चौदाला संपायला लागलं. मावशी म्हणायच्या, "आज तीन पाढे वाचले बघा." या बाईचे उपकार मी विसरणार नाही. तिच्या नवऱ्यालाही साखर आहे आणि नणंद त्यातच गेली. मी विचारलं, "मावशी, तुम्ही इथे काम करता. तुमची तपासली का कधी?" त्या हसल्या. "मला काय धाड भरलीय? दिवसभर धावतेय मी." रोज पन्नास माणसांची बोटं टोचताना बघणारी बाई.

भीती एकाच गोष्टीची होती. दिवसातून दहा वेळा मी पायाची बोटं हलवून बघायचो.

नातेवाईक यायचे. आत्या आली, तिच्या काळ्या चपला माझ्या नाकासमोर थांबल्या. "अनंता, तुला कशी झाली रे? तू तर माझ्या भावावर गेलेला." दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं मी उचलून आणलं असावं, असा तिचा सूर होता. मी खालूनच विचारलं, "आत्या, तुझी कधी तपासली?"

"आमच्यात नाय हो ती. ती तुझ्या आईकडची." मग वर्षाकडे वळून म्हणाली, "गो, हे पेढे पोरांना ठेव. याला नको देऊ."

जो येई तो सांगे की आमच्याकडे पण अमक्याला आहे, तमक्याला आहे. सांगताना त्यात थोडी मिजाससुद्धा असे. मी प्रत्येकाला विचारायचो, तुझी? कुणी म्हणालं, मी बारीक आहे. कुणी म्हणालं, मी गोड खातच नाही. एक चुलतभाऊ म्हणाला, "आमच्या घरातली आमच्या थोरल्यानं घेतली, आम्ही सुटलो." मीही बारीक होतो. मीही सुटलेला होतो. मी पालथा पडून त्यांच्या चपला बघत होतो आणि मला उठून एकेकाचा हात धरून खाली लॅबमध्ये न्यावंसं वाटत होतं. पण उठता येत नव्हतं.

प्लास्टिकची पिशवी

दादा रोज यायचा. पहिली शिफ्ट संपवून, तसाच, कंपनीच्या सेफ्टी शूजमध्ये, रोह्याहून पेणला. माझ्या डोक्याशी बसायचा, ग्लास तोंडाला लावायचा, जमिनीवर पाणी सांडलं तर स्वतःच्या रुमालाने पुसायचा. डॉक्टर जुने रिपोर्ट मागत होते. मी त्याला रोज सांगायचो आणि तो रोज विसरायचा.

नवव्या दिवशी सुनंदावहिनी, दादाची बायको, एकटीच आली. हातात प्लास्टिकची पिशवी. ती खुर्चीवर बसली नाही. माझ्या कॉटशी खाली बसली, म्हणून मला तिचं तोंड दिसलं.

"भावोजी, हे घ्या. त्यांना सांगू नका मी आनलं. तुमच्यापासून लपवून माझ्या घशाखाली घास उतरत नाय."

चार रिपोर्ट. चारही दत्तारामच्या नावाचे, चारही माझ्या रक्ताचे. तीन नॉर्मल. चौथ्यावर उपाशीपोटीची साखर, जी शंभरच्या आत हवी ती, एकशे अठ्ठ्याहत्तर, आणि त्या आकड्याभोवती लॅबवाल्याने लाल पेनाने गोल केलेला.

"मी तेव्हाच बोलले," वहिनी म्हणाली. "म्हटलं, नाव तुमचं हाय पन रक्त भावोजींचं हाय. त्यांना सांगा. तर कागद घडी करून ठेवला, पाससाठी दुसऱ्याच्या जावयाला पुन्हा लॅबात धाडलं आनि म्हनले, अनंताला काय बोलायचं नाय."

म्हणजे दोन वर्षं. दोन वर्षं तो आकडा माझ्या भावाच्या घरात कपड्यांखाली पडून होता, आणि मी इथे चहात साखर घालत होतो. तो कागद माझ्याबद्दल खरं बोलत होता आणि दादाबद्दलही. तरी आम्ही दोघांनीही त्याला खोटा धरला होता.

दुसऱ्या दिवशी सेफ्टी शूज माझ्या नाकासमोर आले.

"दादा, चौथा रिपोर्ट कुणाचा?"

बूट हलले नाहीत. वरून आवाज आला, "माझ्या नावाचा."

"रक्त कुणाचं?"

"तू आदल्या दिवशी हळदीला जेवून आला होतास. जिलबी खाल्ली म्हनालास. मला वाटलं तीच दिसली."

"दादा."

"तू बाबांवर गेलायस, अनंता. तुला कशी येईल? मी म्हटलं, लॅबवाल्याचं कायतरी चुकलं."

"चुकलं असं वाटलं तर मला का नाही सांगितलंस? पुन्हा तपासलं असतं."

तो खुर्चीवर बसला. मला त्याचे फक्त गुडघे दिसत होते आणि त्यांवर ठेवलेले हात. "आई गेली तेव्हा मी जवळ होतो," तो म्हणाला. "ती म्हनाली, निदान अनंताला तरी नाय. तेवढ्यावर गेली ती. तुला पन निघाली असती तर मंग राहिलं काय आपल्या घरात?"

त्या वाक्याने मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. इतका राग आला की पाठीची जखम ठणकायला लागली. माझ्या निरोगी असण्याला सगळं घर टेकून बसलं होतं. मला साखर होणं त्यांना झेपणार नव्हतं, म्हणून ती झालेली नव्हती. आईला समाधान मिळालं, दादाला धीर मिळाला, आत्याला बोलायला विषय मिळाला. आणि पाठ माझी कापली.

मी म्हटलं, "ऊठ आणि जा."

जन्मात पहिल्यांदा मी त्याला असं बोललो. तो उठला. स्टुलावरचा ग्लास सरळ केला, पाण्यावर झाकण ठेवलं आणि गेला. तेव्हापासून चार महिने आम्ही बोललेलो नाही.

अष्टमीची पायरी

घरी आलो. पाठ भरून आली, खड्डा राहिला. दोन वेळा इन्शुलिन घेतो, सकाळ-संध्याकाळ चालतो. वर्षाने 'तुमची की दादांची' हे वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही, आणि यापेक्षा मोठी दया माझ्यावर कुणी केली असेल असं मला वाटत नाही. सही मीच केली होती. फोन आला नाही तेव्हा विचारलं नाही, तोही मीच. राग दादावर आहे तेवढाच त्या चार सह्यांवर आहे.

शैलाताईला मी ओढून तपासायला नेलं. अक्षरशः हात धरून. रिपोर्ट घ्यायला गेलो तर सगळं नॉर्मल. मी दोनदा नाव वाचलं. तिचंच होतं. आईचा चेहरा घेऊन जन्मलेली माझी बहीण साफ होती.

तिला आनंद झाला नाही. लॅबच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावला. "बारा वर्षं मी श्रीखंड खाल्लं नाय," ती म्हणाली. "बारा वर्षं. पाय जरा दुखला की वाटायचं, आला आपला नंबर. पोरीच्या लग्नात नाचले नाय मी, पाय जपत बसले. आनि हे काय?" मग पदर खाली करून म्हणाली, "त्या आत्येला धरून आन इथं."

मी तिला सांगितलं की आज नाही म्हणजे कधीच नाही असं नव्हे, दर वर्षी यायचं. ती म्हणाली, "येईन. पन आज श्रीखंड."

मला वाटलं होतं, आता घराला कळलं. मग गेल्या गुरुवारी दादाच्या मुलाचा, प्रथमेशचा, फोन आला. तो चोवीस वर्षांचा आहे, रोह्यातच मोबाइलच्या दुकानात नोकरीला. "काका, सोमवारी बाबांचं रक्त द्यायचंय. त्यांनी मला उपाशी यायला सांगितलंय. तुम्ही चिडाल म्हणून आधीच सांगतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू तुझी कधी तपासलीस?"

"मला कुठली असायला? मी आईवर गेलोय. सगळे म्हणतात."

मी फोन ठेवला. दादाला फोन केला असता तर त्याने वहिनीच्या हातात दिला असता. मी कॉलेजला होस्टेलवर होतो तेव्हा तो सांगायचा, फोन करू नको, पत्र लिही, पत्र मला पुन्हा वाचता येतं. म्हणून पत्र लिहिलं. सोमवार जवळ होता, टपालाचा भरवसा नव्हता. शैलाताई शनिवारी पेणला आली होती. तिच्या हाती दिलं आणि सांगितलं, पूल ओलांडून आजच जा, त्याच्या हातातच दे. उद्या सोमवार. ते पत्र असं.

ती. दादा यांस,

साष्टांग नमस्कार. नमस्कार खरा आहे आणि रागही खरा आहे. दोन्ही एकाच पत्रात घालतो.

प्रथमेशचा फोन आला होता. सोमवारी त्याला उपाशी येऊ दे, मी नको म्हटलेलं नाही. पण तुझी चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची नाही. त्याचं रक्त त्याच्या नावाने तपासायचं. तो वहिनीवर गेला आहे असं तू म्हणशील. मी बाबांवर गेलो होतो. एकदा येऊन माझ्या पाठीवर हात ठेव. तुझी मूठ बसेल एवढी जागा आहे तिथे.

दादा, सहा वर्षांत तुझं रक्त तुझ्या नावाने एकदाही कुणी तपासलेलं नाही. चार वर्षं ते माझं होतं, मग कुणाच्या तरी जावयाचं. कागदावर तू ठणठणीत आहेस आणि गोळी तू मेडिकलवाल्याला विचारून घेतोस. तू त्या सेफ्टी शूजमध्ये बारा बारा तास असतोस. घरी गेल्यावर पाय कोण बघतं? आईचा अंगठा काळा पडलेला सगळ्यांत आधी तुला दिसला होता. तुझा कुणाला दिसणार आहे? हे वाचून झालं की बूट काढ आणि वहिनीला दोन्ही तळवे दाखव. आता. पुढचं नंतर वाच.

पासचं मला कळतं. त्याच पासावर तू मला शिकवलंस, म्हणून तो गेला तर गेला असं मी हलकेपणी म्हणणार नाही. माझ्या डॉक्टरांशी बोललो. साखर ताब्यात असलेला माणूस काय काम करू शकतो ते तुला तपासून लिहून द्यायला ते तयार आहेत. तो कागद घेऊन ठेकेदाराकडे आपण दोघे जाऊ. तो ऐकेल असं मी तुला सांगत नाही, कारण मला माहीत नाही. नाहीच ऐकलं तर त्या दिवशी मी तुझ्याबरोबर असेन एवढं सांगतो. पास असलेला आणि पाऊल नसलेला दादा मला नको आहे.

तू अंगणात मला विचारलंस तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. तुला नाही म्हणणं म्हणजे उपकार विसरणं, असं मला वाटलं. आता तसं वाटत नाही. उपकार आठवतात म्हणूनच नाही म्हणतो आहे. आई म्हणाली ते मला तू सांगितलंस. तिला तेवढं समाधान मिळालं, ठीक आहे. ती गेली. आपण आहोत. आपल्याला खरा आकडा लागतो.

सोमवारी सात वाजता मी लॅबच्या पायरीवर असेन, उपाशी. प्रथमेश येईल. तू यायचंस. तिघांनी वहीत आपापलं नाव लिहायचं आणि आपापली सही करायची. तुझी सही मला अजून येते. ती मी आता करणार नाही.

तू आला नाहीस तर प्रथमेशचं आणि माझं रक्त देऊन मी परत जाईन, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा येईन. बोलणार नाही कदाचित. पण येईन.

तू पाटीवर शिकवलेलं नाव खाली लिहितो.

अनंत